ग्रामसभेत तीन मिनिटांत मुद्दा मांडायला काय शिकवावं?

संगममाहुली
नमस्कार मंडळी. कोरेगाव तालुक्यातल्या बचत गटांच्या महिला आणि काही तरुण मुलं, अशा २५ जणांसाठी बोलण्याचं दोन तासांचं सत्र घ्यायचं आहे. निमित्त २ ऑक्टोबरची ग्रामसभा. प्रत्येकाला आपला एक प्रश्न तीन मिनिटांत नीट मांडता यावा, एवढाच हेतू. वक्तृत्व स्पर्धेची तयारी नाही.
माझा कच्चा आराखडा असा: भीती कशी घालवावी ३० मिनिटं, देहबोली ४०, आवाजातले चढउतार ३०, शेवटी सराव २०. भिंतीवर एक तक्ता लावणार आहे, "शब्द ७ टक्के, आवाज ३८ टक्के, देहबोली ५५ टक्के". काय वगळावं, काय घालावं? जाणकारांनी मोकळेपणानं सांगा.

हरिपूररोड
ताई, आधी हिशोब करू. २० मिनिटांत २५ जण म्हणजे माणशी ४८ सेकंद. त्यात उठणं, पदर सावरणं आणि पुढं येणं यातच अर्धा वेळ जाणार. बोलणं हे बोलूनच येतं, त्यामुळे आराखडा उलटा करा.
पाच-पाच जणांचे पाच गट करून खोलीच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये बसवा. पाचही गटांत एकाच वेळी एकेकानं बोलायचं. दोन मिनिटं बोलणं, दोन मिनिटं बाकीच्यांनी सांगणं. अशी एक फेरी २० मिनिटांत होते. तीन फेऱ्या घेतल्या तर तासाभरात प्रत्येकजण तीन वेळा बोललेला असेल. खोलीत गलका होईल, तो होऊ द्या. गलक्यात बोलायची सवय ग्रामसभेला उपयोगाचीच आहे.
भीतीवर ३० मिनिटं भाषण देऊ नका. त्यानं भीती वाढते.

घाटमाथा
हरिपूररोड +१. फक्त "बाकीच्यांनी सांगणं" हे बांधून द्या, नाहीतर "छान बोलली, अजून जोरात बोल" एवढ्यावर संपतं. ऐकणाऱ्यानं दोनच गोष्टी सांगायच्या. एक, मला तुझी मागणी काय समजली. दोन, कुठला शब्द किंवा वाक्य ऐकू आलं नाही. मागणी चुकीची समजली असेल तर बोलणाऱ्यानं वाद घालायचा नाही, पुढच्या फेरीत वाक्य बदलायचं.

तासगावी बेदाणा
तो ७-३८-५५ चा तक्ता कृपया लावू नका. हे आकडे आल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या दोन प्रयोगांतून आले. एका प्रयोगात नऊ सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते. दुसऱ्यात "कदाचित" अशा अर्थाचा एकच शब्द निरनिराळ्या चेहऱ्यांच्या फोटोंबरोबर ऐकवला. बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, एवढंच ऐकणाऱ्यानं ओळखायचं होतं. भावना आणि आवडनिवड यापलीकडे हे सूत्र लावू नये, असं खुद्द मेहराबियन यांनीच सांगितलं आहे. नळाची पाइपलाइन कुठून न्यायची हे सांगताना शब्दच लागतात, तेही शंभर टक्के.

घाटमाथा
तक्ता नको हे मान्य. पण त्यातला एक धागा खरा आहे, तो सोडू नका. शब्द आणि चेहरा यांचं जमलं नाही की लोक चेहऱ्यावर विश्वास ठेवतात. "तुमचं काम होईल, काळजी करू नका" हे मोबाइलकडे बघत म्हटलं की समोरच्याला कळतं, काम होणार नाही. म्हणून देहबोलीवर ४० ऐवजी ५ मिनिटं द्या आणि तीनच गोष्टी सांगा: दोन्ही पायांवर सारखा भार, हात पोटाजवळ मोकळे, आणि एक वाक्य पुरं होईपर्यंत एकाच माणसाकडे बघायचं. दुसरं वाक्य दुसऱ्याकडे बघून. मागच्या रांगेतला एक, डावीकडचा एक, उजवीकडचा एक असे तीन चेहरे आधीच हेरून ठेवायचे.

भडंग
आणि "अं… म्हणजे… तर… ठीक आहे ना" याचं काय? आमच्याकडं दर वाक्याला एक असतंय.

मिरजेचा तंबोरा
भडंग, वाक्य संपलं की ओठ मिटायचे आणि नाकानं श्वास घ्यायचा. तोंड उघडं राहिलं की "अं" आपोआप बाहेर पडतो. बोलणाऱ्याला ती दोन सेकंदांची शांतता डोंगराएवढी वाटते. ऐकणाऱ्याला मात्र मागचं वाक्य पचवायला ती हवीच असते. "अं म्हणू नको" असं सांगून कुणाचा अं जात नाही, उलट माणूस धास्तावतो. ओठ मिटायला सांगा.

तासगावी बेदाणा
आता सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या मते दोन तासांत एकच गोष्ट शिकवायची झाली तर ही शिकवा: वाक्याचं शेपूट गिळायचं नाही.
मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागं. "पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचं बिल अजूनपर्यंत पंचायतीनं मंजूर केलेलं नाही." आता यातलं शेवटचं "नाही" पुटपुटलं तर सभेला काय ऐकू आलं? बिल मंजूर केलेलं. अर्थ पुरता उलटा झाला, आणि बोलणारीला त्याचा पत्ताही नाही. "झालं होतं" की "झालं नव्हतं", "देणार" की "देणार नाही", "मागितलं" की "मिळालं", आपल्या भाषेचा सगळा फैसला शेवटच्या दोन शब्दांत असतो. आणि आवाज नेमका तिथंच खाली पडतो.
का पडतो? एक तर वाक्य लांब असतं, शेवटाला येईपर्यंत श्वास संपतो. दुसरं, शेवटच्या शब्दाला नजर कागदावर, पुढच्या ओळीवर जाते. मान खाली गेली की आवाज छातीत जातो आणि माईकही सुटतो. तिसरं म्हणजे बोलणारीला शेवट ठाऊक असतो, म्हणून तिला वाटतं लोकांनाही कळला असेल.
उपाय करून बघा. वरचंच वाक्य तोडा: "टाकीचं बिल मंजूर नाही. अर्ज देऊन तीन महिने झाले." नकार चौथ्या शब्दाला आला, श्वास पुरला. कुठलंही वाक्य दहा-बारा शब्दांपलीकडे जाऊ द्यायचं नाही. कागदावर जिथं श्वास घ्यायचा तिथं तांबड्या पेनानं उभी रेघ मारायची. आणि नजरेचा नियम: शेवटचा शब्द माणसाकडे बघून संपवायचा, मग ओठ मिटायचे, मगच कागदाकडे बघायचं.
सरावाला एकीला भिंतीपाशी, वीस पावलांवर उभं करा. शेवटचा शब्द ऐकू आला नाही की तिनं हात वर करायचा. बोलणारीनं थांबून तेच वाक्य परत म्हणायचं. दहा मिनिटांत फरक पडतो, आणि तो तिचा तिलाच ऐकू येतो.

मिरजेचा तंबोरा
बेदाणा, हे फार नेमकं मांडलंत. याला श्वासाची जोड देतो.
पाठ ताठ, खांदे सैल, हात पोटावर. श्वास घेताना खांदे वर न जाता पोट पुढं यायला हवं. मग दातांच्या फटीतून "स्स्स" असा सारखा आवाज सोडायचा. सुरुवातीला १२-१५ सेकंद टिकतो, रोज केलं तर २५ पर्यंत जातो. आवाज थरथरला की थांबायचं, ओढून आकडा वाढवायचा नाही. त्यानंतर ओठ मिटून "म्म्म" असा गुंजारव, ओठांना आणि नाकाच्या कडेला कंप जाणवेपर्यंत. गाणारे पहाटे खर्जावर बसतात ते याच कामासाठी, आपल्याला पाच मिनिटं पुरतात.
भीतीसाठीही हाच श्वास वापरायचा. चार अंक मोजत आत, सहा मोजत बाहेर, असं पाच-सहा वेळा. सोडायचा श्वास लांबला की छातीतली धडधड उतरते.
सभेआधी खाकरून घसा "मोकळा" करू नका. त्यानं स्वरपट्ट्या एकमेकींवर आपटतात आणि परत खाकरावंसं वाटतं. त्याऐवजी कोमट पाण्याचा एक घोट घ्यावा. आणि घसा बसला असेल तर कुजबुजणं म्हणजे विश्रांती नाही, कुजबुजीतही ताण पडतो. गप्प बसणं चांगलं.

कंदी पेढा
सगळं ठीक, पण सुरुवातीच्या नावांचं काय? आपल्याकडे सरपंच, उपसरपंच, सोसायटीचे चेअरमन, पोलीस पाटील, तंटामुक्तीचे अध्यक्ष यांची नावं घेतली नाहीत तर माणसं दुखावतात. शहरात चालत असेल, गावात नाही चालत.

भडंग
तीन मिनिटांतलं एक मिनिट त्यातच गेलं की!

हरिपूररोड
दोघांचंही बरोबर आहे. नाव आणि पद मिळून चार सेकंद धरले तरी पंधरा नावांना एक मिनिट लागतं. त्यात "आमचे मार्गदर्शक, आधारस्तंभ" आलं की दोन मिनिटं गेली. आणि यादी लांबली की एक नाव राहतंच. पंधरा घेऊन सोळावं राहिलं तर ते जास्त लागतं, एकही न घेता सगळ्यांना एकत्र नमस्कार केला तर कुणाला लागत नाही.
समारंभात नावं घेणं हे सूत्रसंचालकाचं काम, एकदाच. ग्रामसभा तर समारंभही नाही. "सरपंच, ग्रामसेवक आणि समस्त ग्रामस्थ, नमस्कार" एवढं पुरे. सरपंच बाई असतील तर "सरपंचताई" म्हणा. मान आवाजात आणि "अहो-जाहो" मध्ये असू द्या.

कंदी पेढा
हे पटलं. "समस्त ग्रामस्थ" मध्ये सगळे आले.

भोंगा आणि माईक
माईकवर दोन शब्द लिहितो, हे कुणी शिकवत नाही.
तोंडापासून चार बोटं ते फार तर एक वीत. याहून जवळ गेलं तर आवाज घुमतो, खर्ज वाढतो आणि शब्द गढूळ होतात. माईक थेट ओठांसमोर न धरता किंचित तिरका, हनुवटीच्या बाजूनं धरा. प, फ, ब, भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो, तो सरळ माईकवर आदळला की "धप्प" होतं. "पाणी, पंचायत, बिल, भाडं" असली भाषणं आपली, म्हणून सांगतोय.
शिट्टी वाजली तर माईकच्या जाळीवर हात झाकू नका, त्यानं ती वाढते. कर्ण्याच्या समोरून बाजूला व्हा किंवा ऑपरेटरला आवाज कमी करू द्या. माईक कर्ण्याच्या मागं असला पाहिजे. देवळाच्या सभामंडपात फरशी आणि दगडी भिंती असतात, आवाज परतून येतो, तिथं आवाज वाढवून उपयोग नाही. सावकाश बोलावं लागतं.
मैदानात लांब दुसरा कर्णा लावला असेल तर अजून सावकाश. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. कर्णा १०० मीटरवर असेल तर तिथला आवाज पाव सेकंदापेक्षा जास्त उशिरा परत येतो आणि पुढच्या शब्दावर चढतो. तुकड्या-तुकड्यानं बोला.
माईक चालू आहे का बघायला फुंकर मारू नका, टिचकी मारू नका. "नमस्कार" म्हणा.

संगममाहुली
भोंगा, ग्रामसभेला कधी माईक असतो, कधी नसतो. दोन्हीचा सराव घेईन.
एक शंका. यातल्या बऱ्याच जणी गावाकडच्या बोलीत बोलतात. सत्रात प्रमाण भाषेचा आग्रह धरावा का?

औंधचा माळ
अजिबात नको. क्रांतिसिंह नाना पाटील येडे मच्छिंद्रचे. पत्रीसरकारच्या काळात आणि नंतरही त्यांनी हजारोंच्या सभा गावरान बोलीत जिंकल्या. शेतकऱ्याच्या घरातले दाखले, घरातलेच शब्द. बोलीनं बोलणं कमी पडत नाही, पुटपुटण्यानं पडतं. "आमच्या आळीला पानी येत न्हाई" हे ठणठणीत म्हटलं तर कुणाला कळत नाही?
आग्रह धरायचा तो आकडे, तारखा आणि कागदावरची नावं अचूक असण्याचा. अर्जाचा जावक क्रमांक, ठरावाची तारीख बोलीत बदलत नाहीत.
अवांतर: कीर्तनातून शिकण्यासारखं बरंच आहे. वारकरी कीर्तनकार एकच अभंग घेतो आणि दीड-दोन तास फिरून परत त्याच ध्रुपदावर येतो. गाडगेबाबा तर कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. तीन मिनिटांच्या बोलण्यालाही एक ध्रुपद हवं. मागणीचं वाक्य सुरुवातीला आणि शेवटाला, शब्द न बदलता.

तासगावी बेदाणा
औंधचा माळ, ध्रुपदाची कल्पना उत्तम. फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाचे प्राचार्य शिवाजीराव भोसले यांच्यासारखं ओघवतं बोलणं ऐकून मुलं तसंच करायला जातात. तो ओघ आयुष्यभराच्या वाचनावर उभा होता. तीन मिनिटांसाठी ध्रुपदच बरं.

हरिपूररोड
नमुना करून बघू. समजा पाण्याचा प्रश्न आहे:
"सरपंचताई, ग्रामसेवक आणि समस्त ग्रामस्थ, नमस्कार. | वरच्या आळीसाठी वेगळा व्हॉल्व्ह बसवावा, ही माझी मागणी आहे. | खालच्या आळीत पाणी दीड तास येतं. | वरच्या आळीत वीस मिनिटं. | वरती चाळीस घरं आहेत. | आम्ही पंधरा दिवस वेळ लिहून ठेवली आहे, वही इथं आहे. | व्हॉल्व्हला किती खर्च येतो ते आज सांगावं. | आज सांगता येत नसेल तर तारीख द्यावी. | वरच्या आळीसाठी वेगळा व्हॉल्व्ह बसवावा. | याची नोंद इतिवृत्तात घ्यावी."
एक मिनिटसुद्धा लागत नाही. मराठीत सावकाश बोललं तर मिनिटाला १०० ते १२० शब्द होतात, म्हणजे तीन मिनिटांना ३०० च्या वर जाऊ नका. २५० लिहा, उरलेला वेळ टाळ्यांना नाही तर प्रश्नाला लागतो. आणि शेवटचं वाक्य विसरू नका. नोंद झाली नाही तर बोललेलं हवेत जातं. ठराव करायचा असेल तर सूचक आणि अनुमोदक कोण हे घरूनच ठरवून या.

घाटमाथा
आता एक गोष्ट, जिच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. अर्धं काम सभेच्या आधीच्या समोरासमोरच्या बोलण्यात असतं. ग्रामसेवकाला चार दिवस आधी भेटून सांगायचं, "मी हा विषय मांडणार आहे, टाकीची फाइल सोबत ठेवा." नाहीतर सभेत उत्तर ठरलेलं: "कागद बघून सांगतो."
या भेटीत कसं बोलावं तेही शिकवा. "तुम्ही नेहमीच टाळता" म्हटलं की समोरचा "नेहमीच" वर भांडतो आणि मूळ विषय बाजूला राहतो. त्याऐवजी "४ तारखेला अर्ज दिला, २० तारखेला विचारलं, उत्तर आलं नाही." तारखेशी भांडता येत नाही. "का केलं नाही?" विचारलं की सबबी ऐकायला मिळतात. "कशामुळे अडलंय आणि कधीपर्यंत होईल?" विचारलं की माहिती मिळते.
आणि ऐकणं. समोरच्याचं संपलं की उत्तर देण्याआधी त्याचंच म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं: "म्हणजे निधी आलाय, पण ठेकेदार ठरला नाही, असंच ना?" तो "होय" म्हणेपर्यंत आपला मुद्दा काढायचा नाही. निम्मे वाद इथंच मिटतात, कारण बरेचदा दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर बोलत असतात.

भडंग
आणि मध्येच कुणी "खाली बस, तुला काय कळतंय" म्हणालं तर?

घाटमाथा
त्याच्याकडे बघायचं नाही. सभाध्यक्षांकडे बघून, आवाज न चढवता: "सरपंचताई, माझं एक मिनिट राहिलंय, पुरं करू द्यावं." मग थांबायचं. शांतता झाली की अडवलेलं वाक्य पहिल्या शब्दापासून परत. अर्ध्यातून सुरू केलं तर सभेला दुवा लागत नाही. "तू" ला "तू" नं उत्तर द्यायचं नाही. आपण "अहो" वर ठाम राहिलो की सभा आपल्या बाजूला येते.
प्रश्न विचारला तर तो मोठ्यानं परत म्हणायचा, म्हणजे मागच्यांना कळतो आणि आपल्याला विचार करायला पाच सेकंद मिळतात. उत्तर येत नसेल तर "माहिती घेऊन अमुक तारखेला सांगते". अंदाजानं आकडा फेकायचा नाही. एक आकडा खोटा निघाला की आधीचे खरेही कुणी धरत नाही.

औंधचा माळ
संगममाहुली ताई, एक सोय लक्षात आहे ना? आपल्या ग्रामपंचायत कायद्यात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. तुमच्या गटांनी पहिल्यांदा तिथं बोलावं. ऐकणाऱ्या ओळखीच्या, विषय तोच, आणि तिथली शिफारस पुढं मुख्य सभेत येते. एकटीचा प्रश्न तिथं सगळ्यांचा होतो. गणपूर्तीचंही सांगून ठेवा: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यापैकी कमी असेल तो आकडा. आपली माणसं आणली नाहीत तर सभा तहकूब होते आणि पाठ केलेलं तसंच राहतं.

मिरजेचा तंबोरा
पाठ करण्यावरून: सगळं पाठ करू देऊ नका. एक शब्द निसटला की पुढची साखळी तुटते. नमस्कार आणि मागणीचं वाक्य तेवढं पाठ, झोपेतून उठवलं तरी यावं असं. बाकी मुद्द्यांचे शब्द फक्त कागदावर.

संगममाहुली
मंडळी, खूप आभार. तक्ता रद्द. नवा आराखडा असा:
पहिली १० मिनिटं श्वास आणि "स्स्स". मग १५ मिनिटं प्रत्येकीनं आपली मागणी एका वाक्यात लिहायची, दहा-बारा शब्दांत. ज्यांना लिहायला जड जातं त्यांचं वाक्य शेजारणीनं लिहायचं. पुढं ५ मिनिटं उभं राहणं आणि नजर. मग पाच गटांत तीन फेऱ्या, ६० मिनिटं: पहिली साधी, दुसरी वीस पावलांवरच्या हात वर करणारीसमोर, तिसरीत मुद्दाम मध्येच अडवायचं. त्यानंतर १५ मिनिटं ग्रामसेवकाशी भेटीचा सराव, जोडीजोडीनं. शेवटची १५ माईकवर, ज्यांना हवं त्यांनी. कागदाऐवजी पोस्टकार्डाएवढी जाड कार्डं देईन, ३० घेतली आहेत.

घाटमाथा
तिसऱ्या फेरीत अडवणारी व्यक्ती तुम्ही व्हा, गटातली नको. शेजारणीनं अडवलं तर सत्र संपल्यावरही मनात राहतं.

तासगावी बेदाणा
कार्ड उत्तम, पातळ कागद हातात थरथरला की भीती दिसते. एकाच बाजूला लिहा, अक्षर हरभऱ्याएवढं मोठं. कार्डाच्या वरच्या निम्म्यातच लिहा, खालचं निम्मं कोरं ठेवा. खालच्या ओळीपर्यंत नजर गेली की मान झुकते आणि "नाही" परत गिळलं जातं.

संगममाहुली
हे लक्षात नव्हतं. वरच्या निम्म्यात पाच ओळी बसतील, तेवढ्याच आखून देते.